कोरडी नळी

हवामानाची वही ठेवणाऱ्या माणसाला लोक हमखास एकच विचारतात : आजवरचा सगळ्यात मोठा पाऊस किती? पारा कुठवर चढला, वारा किती सुटला, असलं काहीतरी दणदणीत त्यांना हवं असतं. प्रत्यक्षात वहीची बहुतेक पानं शून्यांनी भरलेली असतात. पाऊस ०.०. दुसऱ्या दिवशी ०.०. तिसऱ्या दिवशीही तेच.

आणि हे शून्य लिहावंच लागतं. रकाना कोरा सोडला तर त्याचा अर्थ ‘पाऊस नव्हता’ असा होत नाही, ‘कुणी बघितलं नाही’ असा होतो. महिन्याच्या बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तर कोरा रकाना जास्त घातक. तेव्हा ऊन रणरणत असो, आभाळात औषधालाही ढग नसो, ठरलेल्या वेळी मागच्या अंगणात जायचं, पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचं, आतली ठणठणीत कोरडी नळी बघायची आणि शून्य मांडायचं. यात काय मजा आहे, हे घरच्यांना समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडलाय. गावाला जाताना हे काम शेजाऱ्यांवर सोपवलं की ते फोनवर सांगतात, ‘आज काही नाही.’ मी विचारतो, ‘बघून नाही, की न बघताच?’ शेजारी भला माणूस, अजून बोलतो माझ्याशी.

पाऊस पडल्यावर मात्र त्या नळीचा थाट वेगळा. ती डोळ्यांच्या पातळीवर धरायची. पाणी काचेच्या कडेला किंचित वर चढलेलं असतं आणि मध्ये खोलगट बसलेलं. आकडा त्या खोलगट भागाच्या तळाचा घ्यायचा, कडेचा नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. हा हिशेब डोक्यात बसला की ‘चार थेंब पडले’ असं म्हणवत नाही. १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पडला, तर वरून १००० लिटर पाणी येऊन गेलेलं असतं.

शास्त्राप्रमाणे पर्जन्यमापक भिंतीपासून आणि झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर. ही पेटी १९व्या शतकात दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन या अभियंत्यानं आखली : वारा आत खेळावा, पण ऊन पाऱ्याला शिवू नये. आता अंगण म्हटलं की भिंत आली, झाड आलं. सगळे नियम पाळायचे तर घर पाडावं लागेल. त्यामुळे माझा आकडा माझ्या अंगणाचा, एवढंच मी म्हणतो. पण तो तिथे खरोखर मोजलेला असतो; फोनवरचा आकडा बहुतेक वेळा आसपासच्या नोंदींवरून गणितानं काढलेला असतो. दोघांत फरक पडला की मी कुणाच्या बाजूनं असतो, हे सांगायला नको.

विजेवर चालणाऱ्या नव्या पर्जन्यमापकात दोन चिमुकल्या वाट्या झुल्यासारख्या हलतात. एक भरली की कलंडते, दुसरी वर येते, आणि दर कलंडण्याला साधारण ०.२ मिलिमीटरची नोंद होते. गंमत अशी की दव भरपूर पडलं तर तेही नरसाळ्यातून वाटीत उतरतं आणि लख्ख निरभ्र सकाळी यंत्र ०.२ दाखवतं. काही जण ते खोडतात. मी आकडा तसाच ठेवून शेऱ्यात ‘दव’ लिहितो. कोळ्यानं वाट्यांच्या मध्ये जाळं विणलं, तर याच्या उलट : धो धो पावसात शून्य. म्हणून जुनी काचेची नळीही शेजारी ठेवावी, असं माझं मत आहे.

या छंदातला थोरला माणूस म्हणजे जॉन डाल्टन. अणुसिद्धान्तामुळे पुस्तकांत गेला तोच. त्यानं १७८७ मध्ये हवामानाची रोजनिशी सुरू केली आणि १८४४ मध्ये मरेपर्यंत चालवली. नोंदी दोन लाखांच्या वर. हवेतली वाफ, मिसळलेले वायू यांच्याकडे तो वळला तो या हवामानाच्याच वेडातून. शेवटची नोंद मृत्यूच्या आदल्या संध्याकाळची, तीही पावसाची.

माझा स्वतःचा जीव मात्र हवेच्या दाबाच्या आलेखात अडकलेला. उष्ण कटिबंधात दाबाला समुद्रासारखी भरती-ओहोटी असते : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढ, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतार. हवा शांत असली की रोज तेच दोन उंचवटे, इतके ठरलेले की बघून जांभई यावी. १५ जानेवारी २०२२ ला पॅसिफिकमध्ये टोंगाजवळचा हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखी फुटला. त्याच्या दाबाची लाट जगभर गेली आणि ठिकठिकाणच्या हौशी लोकांच्या अंगणातल्या यंत्रांनीही ती टिपली. कुठे एक, कुठे दोन हेक्टोपास्कलची उडी. दोन-तीन मजले चढल्यावर जेवढा दाब उतरतो, साधारण तेवढी एकाची किंमत. लाट पृथ्वीला वळसा घालून परतही आली, फक्त क्षीण होऊन. माझ्या आलेखातली ती उडी मी छापून भिंतीवर लावली आहे. येणारेजाणारे निरखून बघतात आणि विचारतात, ‘सेन्सर बिघडला होता का?’