मतं किती पडली?

"दादा, तुले मतं किती पडले होते?" फर्स्ट इयरच्या पोरानं मला सहज विचारलं. सरपंचाची निवडणूक डोळ्यांनी पाहिलेला पोरगा. प्रतिनिधी म्हटलं की मतं आलीच, हा त्याचा हिशेब. उत्तर सोपं आहे. एकही नाही. मतदानच झालं नव्हतं. मागच्या निकालाची यादी, तिच्यातलं वरचं नाव, खाली सही आणि शिक्का. झालो मी जीएस, कॉलेजचा विद्यार्थी प्रतिनिधी.

हे सगळ्यांना माहीत आहे. मग टोचतंय कशाला?

कागदावर तर वेगळंच लिहिलंय. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातलं कलम 99 काढून पाहावं: वर्गाचा प्रतिनिधी वर्गानं निवडायचा, अध्यक्ष कॉलेजातल्या सगळ्यांनी. 1990 च्या दशकात बंद झालेल्या निवडणुका त्यानं परत येणार होत्या. 2019 साली तारखाही लागल्या. मग विधानसभा आली, त्या पुढे गेल्या, नंतर कोरोना. तोवर गुणांची यादी आहेच. यादी भांडत नाही, पोस्टर लावत नाही. सरांना ते सोयीचं. खरं सांगायचं तर मलाही होतं.

गावातल्या वॉर्डाच्या मेंबरला कोणत्या घरातून किती मतं फुटली ते तोंडपाठ असतं. म्हणून नाली तुंबली की तो धावतो. नाही धावला तर पुढच्या वेळी कळतं. इथं मी काही केलं काय, न केलं काय, कोणाचं मत जाणार आहे? मतच नाही. म्हणजे जे करतो ते कोणाच्या वतीनं, हाच घोळ.

आणि करायला आहे भरपूर. यष्टीचंच घ्या. प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि गाडी त्याआधी निघून जाते. सकाळची उशिरा येते म्हणून पहिलं लेक्चर बुडतं, ते वर्षाअखेर 75 टक्क्यांच्या हजेरीत निघतं. वेळ बदलून घ्यायची तर डेपोत सह्यांचा गठ्ठा नेऊन काही होत नाही. "किती पोरं, कोणत्या थांब्यावरची?" एवढंच आगार व्यवस्थापक विचारतात. म्हणून थांब्यावार यादी करायची: नाव, वर्ष, पासचा नंबर, सुटण्याची वेळ. सोबत प्राचार्यांचं पत्र आणि टाइमटेबलची प्रत. पास एक तृतीयांश पैशात मिळतो, पण पासवाली पोरं त्यांच्या उत्पन्नात फारशी दिसत नाहीत, तेव्हा आकडा आपणच डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

महाडीबीटीचं, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं, तर विचारूच नये. अर्ज भरला म्हणजे झालं असं पोरं समजतात. कॉलेजच्या लॉगिनवरून तो परत पाठवलेला असतो, कधी उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून, कधी टीसीवर एक नाव आणि आधारवर दुसरं म्हणून. आणि पोर्टल उघडल्याशिवाय ते दिसत नाही. मंजूर झाला तरी पैसे भलत्याच खात्यात. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले पैसे वळवणाऱ्या संस्थेकडे, आधारचे पैसे घेणारं खातं म्हणून ते नोंदलेलं, सीड झालेलं असणं वेगळं. सगळ्यात शेवटी जे खातं सीड झालं, पैसे तिथं जातात, आणि ते बरेचदा मोबाईलच्या दुकानात सिमसोबत उघडलेलं निघतं, जे पोराच्या ध्यानातही नसतं. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस आधी पाहायचं, चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेत संमतीचा फॉर्म द्यायचा, मगच अर्जाला हात लावायचा. उलट्या क्रमानं केलं की वर्ष गेलं. पोरींच्या फीचंही तसंच. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या पोरींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क माफ, पण कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांनाच. मॅनेजमेंट कोट्यातल्या पोरीला हे ॲडमिशननंतर सांगावं लागतं, तेव्हा तिचा चेहरा... जाऊ दे.

यातलं निम्मं मला कॉलेजातल्याच एका पोरीनं शिकवलंय. होस्टेलच्या पोरी अजूनही आधी तिच्याकडेच जातात, मग ती त्यांना माझ्याकडे पाठवते, सहीसाठी. मतदान झालं असतं तर ती आली असती निवडून, यात शंका नाही. तिची एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिली म्हणून ती यादीत नाही. रात्रभर हेच. तिच्या खुर्चीत बसलोय, असं काहीसं.

मग कॉलेजातल्या निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या अटी वाचल्या. 2006 च्या. खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नाही, हाती लिहिलेलंच, 75 टक्के हजेरी, आणि त्या वर्षी बॅक, म्हणजे राहिलेला विषय, नको. म्हणजे निवडणूक झाली असती तरी तिचा अर्ज छाननीतच उडाला असता! सकाळच्या त्या उशिरा गाडीनं येणारी अर्धी पोरं हजेरीत गेली असती. उरला असता कोण? यादीतला पहिला. बिनविरोध. एवढा जीव जाळून हाती पुन्हा शून्यच. फक्त त्याला नाव बरं मिळालं असतं.

त्या पोराला आता काय सांगू? पाडली नाहीत, पडली नाहीत, तुझं मत राखून ठेव म्हणावं.

डेपोच्या निवेदनाखाली 'विद्यार्थी प्रतिनिधी' लिहायचं की नुसतं 'आपले विद्यार्थी', तेवढं ठरायचं आहे. तिला विचारतो. तिथं ती ओळ तशीही कोणी वाचत नाही. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवकचा शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर पुढच्या खेपेला "असा अर्जच आला नाही" म्हणतात.