एका मिनिटातले श्वास

सोमवार, रात्री

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना आज स्किल लॅबमध्ये ताप, नाडी, श्वास आणि बीपी घ्यायला शिकवायचं होतं. मॅडमनी आम्हा शेवटच्या वर्षातल्या काहीजणांना मदतीला बोलावलं. बीपीवर सगळे तुटून पडतात, कारण तिथे कफ असतो, स्टेथोस्कोप असतो, कानात आवाज येतो. श्वास मोजायची वेळ आली की चेहरे उतरतात. घड्याळाकडे बघत छाती किती वेळा वर गेली ते मोजायचं, यात शिकायचं काय, असं वाटतं. मी मात्र तोच भाग मागून घेतला.

नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटं उचलायची नाहीत. पेशंटला वाटत राहतं, अजून नाडीच चालली आहे. तेवढ्यात आपली नजर छातीवर न्यायची. 'आता तुमचे श्वास मोजते हं' असं म्हटलं की माणसाचा श्वास लगेच बदलतो. त्याच्या हातात नसतं ते. एकदा आत आणि एकदा बाहेर, मिळून एक. लय बिघडलेली असेल तर पूर्ण मिनिट, अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही. आणि नुसता आकडा घेऊन उठायचं नाही. श्वास उथळ आहे की खोल, मानेचे स्नायू ओढले जात आहेत का, नाकपुड्या फुलत आहेत का, बोलताना एक वाक्य एका दमात पुरं होतंय का, हे सगळं त्याच मिनिटात बघायचं.

एका मुलीने विचारलं, "ताई, बोटाला लावायचं मशीन आहे ना, मग कशाला?" फार चांगला प्रश्न. ते मशीन रक्तातला ऑक्सिजन दाखवतं. शरीर अडचणीत आलं की ते आधी श्वास वाढवतं आणि तो आकडा सावरून धरतं. म्हणजे मशीनवर 97 दिसत असताना माणूस मिनिटाला 26 श्वास घेत असू शकतो. मशीन निश्चिंत असतं तेव्हा आपण निश्चिंत राहायचं नाही, एवढं तिला पटलं असावं. तिने लगेच शेजारणीचं मनगट धरलं.

पहिल्या वर्षी आम्हाला सगळे विषय सुटे सुटे वाटायचे. अ‍ॅनाटॉमीत हाडं आणि स्नायू, बायोकेमिस्ट्रीत आम्ल आणि अल्कली, फिजिऑलॉजीत ग्राफ, आहारशास्त्रात तक्ते, समाजशास्त्रात कुटुंबाचे प्रकार, आणि दुपारी लॅबमध्ये चादरीला एकही सुरकुती न ठेवता पलंग लावायचा. मधुमेह फार बिघडून होणाऱ्या डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसचा पेशंट पहिल्यांदा समोर आला तेव्हा हे सुटे विषय एका जागी आले. तो खोल आणि भरभर श्वास घेत होता, पण फुप्फुसं स्वच्छ होती. रक्तात आम्ल साचलं होतं, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून शरीर ते कमी करू पाहत होतं. बायोकेमिस्ट्रीचं पान, फिजिऑलॉजीचा ग्राफ आणि समोरची छाती, तिन्ही एकच गोष्ट सांगत होते. सुरकुतीचंही तसंच. निजून असलेल्या माणसाचं माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड आणि कातडी यांच्यात मांस कमी, तिथे दाबाने रक्त पोचत नाही. घडी, ओल आणि घर्षण यांनी तिथली कातडी आणखी लवकर बिघडते. या जखमांचा, म्हणजे बेडसोअरचा, धोका मोजायची ब्रेडन स्केल 1987 मध्ये दोन नर्सनीच मांडली. तिच्या सहा भागांत ओल आणि घर्षण आहेतच. पलंग लावणं हा पॅथॉलॉजीचा धडा आहे, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

बुधवार

फार्माकॉलॉजीच्या वह्या आज पुन्हा काढल्या. जुनिअर बॅचला डोसच्या गणितांची धास्ती आहे आणि मला त्यांच्यासोबत बसायचं आहे.

हजार मिली सलाईन आठ तासांत द्यायचं, सेट 20 थेंबांना एक मिलीचा. 1000 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं. उत्तर 41.67, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. पण 42 लिहून गणित सुटत नाही. चेंबरमधले थेंब घड्याळ धरून मोजायचे, रोलर क्लॅम्प जरासा फिरवायचा, पुन्हा मोजायचे. पेशंटने हात दुमडला की वेग बदलतो, म्हणून पुन्हा यायचं. 60 थेंबांच्या मायक्रो सेटमध्ये एक गंमत सापडते: तासाला जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब. हे ज्याला स्वतःला उमगतं त्याची भीती तिथेच जाते, म्हणून मी उद्या सांगणार नाही, त्यांनाच शोधू देणार.

भीती सगळीच जाऊ नये, असंही मला मनापासून वाटतं. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र बाटली पातळ न करता शिरेतून थेट कधीही द्यायची नाही, हृदय थांबतं. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटीचा फरक. इन्सुलिन युनिटमध्येच मोजायचं आणि त्याच्याच सिरिंजने. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाआधी हृदयाच्या टोकावर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसाचे 60 च्या खाली असतील तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, योग्य नोंद हे आम्ही झोपेतसुद्धा म्हणतो. पण औषध आत जाऊन काय करतं हे माहीत नसेल तर हा मंत्र अपुरा पडतो. मॉर्फिन दुखणं थांबवतं आणि मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाही गुंगवतं. म्हणून पुढच्या डोसआधी दुखणं किती हे विचारायचंच, शिवाय गुंगी किती आहे ते बघायचं आणि श्वास मोजायचे. आठ-नऊ आले तर डोस थांबवायचा, हाक मारायची, मॉर्फिनचा असर उतरवणारं नालोक्सोन जवळ आहे ना ते बघायचं. लिहून दिलेलं औषध न देण्याचा निर्णय आधी नर्सच्या हातात येतो. तो निर्णय नुसत्या पाठांतरावर घेता येत नाही.

शुक्रवार

पोस्टिंगच्या वह्या चाळताना लक्षात आलं की श्वासांचा तोच आकडा प्रत्येक विभागात वेगळा अर्थ घेऊन भेटला.

मोठ्या माणसात मिनिटाला 12 ते 20. नवजात बाळात 30 ते 60, आणि तेही पोटाकडे बघून मोजायचे, कारण बाळ पोटाने श्वास घेतं. मध्येच काही सेकंद थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. हे थांबणं कधी नेहमीचं आणि कधी धोक्याचं, ते बाळंतपणाच्या पोस्टिंगमध्ये सिस्टरनी शेजारी उभं करून दाखवलं. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी 1952 मध्ये मांडलेल्या स्कोअरमध्येही ठोके, स्नायूंचा ताण, प्रतिक्रिया आणि रंग यांच्या बरोबरीने श्वास आहेच. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला प्रत्येक बाबीला शून्य, एक किंवा दोन.

कम्युनिटी पोस्टिंगमध्ये तर या मोजणीने मला थक्क केलं. एक्स-रे नाही, लॅब नाही, समोर खोकणारं मूल. जागतिक आरोग्य संघटनेची रीत अशी की दोन महिने ते एक वर्षाच्या आत वय असेल तर मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास, न्यूमोनिया धरून पुढची पावलं उचलायची. मूल रडत असेल तर आधी शांत होऊ द्यायचं, मग मोजायचे. हातात घड्याळ आणि धीर, एवढ्यावर एक मूल वेळेत उपचारापर्यंत पोचतं. कम्युनिटी हा विषय कंटाळवाणा आहे म्हणणाऱ्यांशी माझं यावरून भांडण झालेलं आहे आणि पुढेही होईल.

मानसिक आरोग्याचं पोस्टिंग मला सगळ्यात अवघड गेलं आणि सगळ्यात जास्त शिकवून गेलं. पॅनिकमध्ये माणूस इतका भरभर श्वास घेतो की कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात आणि मुंग्यांमुळे भीती आणखी वाढते. फिजिऑलॉजी माहीत होती. पण तिथे काय बोलायचं, हे शिकावं लागलं. 'काही होत नाही तुम्हाला' हे वाक्य तिथे कामाचं नाही, कारण त्यांना होत असतं. जवळ बसायचं, आवाज खाली ठेवायचा, छोटी वाक्यं बोलायची आणि त्यांच्यासोबत आपणही सावकाश श्वास सोडायचा. नर्सिंगच्या अभ्यासक हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी 1952 मध्येच नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे असं मांडलं होतं. थिअरीच्या तासाला ते परीक्षेपुरतं वाटलं होतं. वॉर्डात त्याचा अर्थ लागला. संवादाचे तास आम्हाला मिळाले त्याच्या दुप्पट तरी हवे होते, हे माझं ठाम मत आहे.

मरणाच्या जवळ आलेल्या माणसाचा श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ, मग थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. नातेवाईक विचारतात, "सिस्टर, त्रास होतोय का त्यांना?" याचं उत्तर प्रामाणिकपणे आणि मायेने देता यावं, एवढं शिक्षण पदवीत हवंच. आमच्याकडे त्याला एक प्रकरण आणि थोडे तास होते.

रविवार

आज प्रोजेक्टचा दिवस. शेवटच्या वर्षी रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, मॅनेजमेंट, एथिक्स असे विषय एकत्र येतात आणि बहुतेकांना ते कागदी वाटतात. रिसर्च पहिल्या वर्षापासून हवा, असं मी फीडबॅकमध्ये लिहिलं आहे. 'हे असंच का करायचं?' हा प्रश्न शेवटच्या वर्षापर्यंत थांबवून ठेवण्यासारखा नाही. 1847 मध्ये व्हिएन्नात डॉक्टर सेमेलवाइस यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू उतरले, तेही आकडे मांडूनच दिसलं. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातला दिवा सगळ्यांना माहीत असतो. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या आजारांनी जास्त मरत होते हे त्यांनी आकृत्या काढून दाखवलं, याबद्दल मात्र पहिल्या वर्षी आम्हाला एक ओळ होती.

नाइटिंगेल यांची शाळा लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये 1860 मध्ये सुरू झाली. विद्यापीठाच्या छताखाली नर्सिंग यायला 1909 उजाडलं, अमेरिकेतल्या मिनेसोटात. पदवीची गरज काय, हा वाद त्यानंतरही संपला नाही. अजून घरोघरी ऐकू येतो. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये युरोपातल्या नऊ देशांतला अभ्यास प्रसिद्ध केला. हॉस्पिटलमध्ये पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे ऑपरेशनच्या पेशंटचा भरती झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी दिसली. त्याच अभ्यासात एका नर्सवर एक पेशंट वाढला की ती शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. दोन्ही वाक्यं सोबत वाचायला हवीत. शिकलेली नर्स आणि तिला बघायला पुरेसा वेळ. युरोपीय संघाच्या नियमात तर किमान 4600 तासांचं शिक्षण आणि त्यातला निदान अर्धा वेळ प्रत्यक्ष पेशंटजवळ असं बंधन आहे. तो अर्धा वेळ मला फार महत्त्वाचा वाटतो.

माझ्या प्रोजेक्टचा विषय त्यातूनच आला. एका वॉर्डात चार्ट चाळताना एका रकान्यात ओळीने 20, 20, 20, 20 दिसलं. ताप वेगळा, नाडी वेगळी, बीपी वेगळं, श्वास मात्र सगळ्यांचे सारखे. ताण किती असतो हे मी पाहते. एकेका सिस्टरकडे किती पेशंट असतात तेही पाहते, त्यामुळे बोट कुणा एकीकडे दाखवायचं नाही. पण 2012 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या न्यूज (NEWS) या धोकासूचक तक्त्यात 21 ते 24 श्वासांना दोन गुण आहेत आणि 25 आणि त्यापुढे तीन. न मोजता 20 लिहिलं की हे गुण शून्य होतात, आणि ज्याला डॉक्टरांनी आत्ता बघायला हवं तो रांगेत मागे राहतो.

म्हणून प्रश्न असा ठरवला: चार्टवरचा आकडा आणि त्याच सुमाराला पूर्ण मिनिट मोजलेला आकडा, यांत फरक किती, आणि नर्सकडे पेशंट जास्त असताना तो वाढतो का? मॅडमनी दुसरा भाग वेगळा करायला सांगितलाय, एका प्रोजेक्टमध्ये मावणार नाही म्हणाल्या. मला तो सोडवत नाही, कारण खरं कारण तिथेच असावं असं वाटतं. शिवाय एथिक्स कमिटीचा एक पेच आहे. पेशंटला आधी 'श्वास मोजणार' असं सांगून संमती घेतली तर श्वासच बदलेल. संमती सगळ्या नोंदींसाठी मिळून घ्यायची, श्वासाचा उल्लेख त्यात स्पष्ट ठेवायचा आणि नेमका क्षण तेवढा सांगायचा नाही, असा मसुदा केलाय. कमिटीला चालेल की नाही ते गुरुवारी कळेल. उद्या सकाळी मॅडमना दाखवायचा आहे, त्याआधी नमुना किती पेशंटचा घ्यायचा ते गणित अजून बसवायचंय.