२२ यार्ड कशाला?

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी पोरांचं क्रिकेट असतं, सात ते दहा वर्षांची पोरंपोरी, आणि ते बघायचं काम माझ्या गळ्यात पडलंय कारण ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिला मी गैरहजर होतो. आधी एका उत्साही बाबांनी टेप आणून बरोब्बर २२ यार्ड, म्हणजे मोठ्यांच्या पिचएवढं, साधारण २० मीटर मोजून चुन्याने पिच आखलेलं. आता तिसरीतलं पोरगं तिकडून बॉल टाकणार तर तो तीन टप्पे घेत येणार नाहीतर वाईड. वाईड, वाईड, परत वाईड, कीपर बॉल शोधायला पार्किंगमध्ये, लाँगऑनवाला खाली बसून माती उकरतोय, एक ओव्हर संपता संपत नाही. मग भांडणं होणार नाहीत तर काय. ज्याची बॅट तो आउट झाला की बॅट काखेत मारून घरी!

आणि वर बाल्कनीतून पालक म्हणणार, हल्लीच्या पोरांत खिलाडूवृत्तीच नाही. अहो खेळच धड होत नाहीये तर वृत्ती कुठून आणायची?

बाकीच्या खेळांनी हे कधीच ओळखलंय. बास्केटबॉलची रिंग मोठ्यांना ३.०५ मीटरवर, मिनी बास्केटबॉलला २.६० वर. टेनिसमध्ये तर २०१२ पासून दहा वर्षांपर्यंतच्यांच्या स्पर्धांना नेहमीचा पिवळा बॉल चालतच नाही, लाल, केशरी नाहीतर हिरव्या ठिपक्याचा हळू जाणारा बॉल लागतो. आपल्या कबड्डीत पण सब-ज्युनियरचं मैदान पुरुषांच्या १३ बाय १० वरून ११ बाय ८ मीटरवर येतं. ऑस्ट्रेलियात अगदी लहान गटाला १६ मीटरची पिच आणि एका बाजूला सातच जण. ऑस्ट्रेलियात, जिथे क्रिकेटमध्ये कुणाचे लाड होत नाहीत.

तर मी पण पिच १६ मीटरवर आणली, टेनिस बॉल, आणि जोडीने बॅटिंग. म्हणजे दोघांनी मिळून चार ओव्हर खेळायच्या, आउट झालात तरी खेळत राहायचं, फक्त टीमचे पाच रन कापले जाणार. प्रत्येकाने एक ओव्हर टाकायचीच. वाईडला दोन रन पण जादा बॉल नाही, त्यामुळे ओव्हर सहा बॉलमध्ये खरंच संपते. यात गंमत काय झाली की 'आउट नव्हतो' हे रडणं निम्म्याने कमी झालं, कारण आउट झालं म्हणून उरलेली सकाळ कट्ट्यावर बसावं लागत नाही. मागे एकदा एक मुलगी स्वतःच म्हणाली काका लागली बॅटला, कीपरने कॅच घेतलेला कुणी अपीलसुद्धा केलं नव्हतं. जुन्या नियमात ती हे बोलली असती का, मला शंका आहे.

टीम पाडायला मात्र आपली जुनीच पद्धत, साधारण सारख्या ताकदीचे दोघे गळ्यात हात टाकून लांब जातात, नावं ठरवून येतात, वाघ पाहिजे का सिंह. कॅप्टनला माहीतच नाही कोण वाघ, मग वशिला लावणार कसा? लिंबूटिंबू पण आहेत दोन, त्यांना मी अंडरआर्म टाकतो.

एकदा पाऊस आला तेव्हा पोरांना १९८० ची वानखेडेवरची टेस्ट सांगितली. इंग्लंड ५ बाद ५८, बॉब टेलरला अंपायरने आउट दिला आणि आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावलं, मग टेलर आणि बोथमने १७१ ची पार्टनरशिप केली. सगळे गप्प. मग एकाने विचारलं, काका आपण जिंकलो ना? म्हटलं नाही, दहा विकेटने हरलो. "मग बोलावलं कशाला?" यावर जे रणकंदन झालं! दोघं विश्वनाथच्या बाजूने, बाकी सगळे अंपायरच्या, आणि एकाचं म्हणणं बोलवायचं पण पाच रन कापून. मी मध्ये पडलो नाही.

सध्या मोठा वाद वेगळाच आहे. पहिल्या मजल्यावर बॉल गेला तर सिक्स का आउट? मोठ्या पोरांना सिक्स पाहिजे, पण तिथल्या काकू बॉल परत देत नाहीत, म्हणून आउट आणि आणायला पण मारणारानेच जायचं, हे मतदानाने पास झालंय. काकूंना अजून कुणी सांगितलेलं नाही.