गोल कोणी केला?

मालदीवच्या राजधानीत, मालेत, मला मुली 'दत्ता' म्हणायच्या. धिवेही भाषेत दत्ता म्हणजे मोठी बहीण, आपली ताई. लहानपणापासून नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या माझ्यासारख्या कोल्हापूरकरणीला त्या हाकेची सवय व्हायला महिना गेला. मी तिथल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. दिवसभर कंबर, गुडघे आणि बोटीत चढता-उतरता मुरगळलेले घोटे.

रमजानात क्लिनिकचं काम निम्मं व्हायचं आणि फुटबॉल दुप्पट. तरावीहची नमाज आटोपली की रात्री दहाला मॅच. माले इतकं दाटीवाटीचं की मोठं मैदान ही चैनच, म्हणून सगळा जोर फुटसालवर, म्हणजे छोट्या जागेतल्या फुटबॉलवर. ४० बाय २० मीटरची जागा, पाच-पाच जणी, २० मिनिटांचा हाफ. टीम बहुतेक कचेऱ्यांच्या : सैन्य, पोलीस, सरकारी कंपन्या. अशाच एका कंपनीच्या मुलींना बाई फिजिओ हवी होती आणि त्यांच्या ओळखीत मी एकटीच. पैसे नव्हते. मॅचनंतर गुळा मिळायचे, म्हणजे माशाचं सारण भरून तळलेले गोळे. माझं त्यावर भागत होतं.

पहिल्याच दिवशी कॅप्टननं विचारलं, "तू बेंबेमच्या देशातली. तुला खेळता येतं?" मणिपूरची फुटबॉलपटू बेंबेम देवी २०१४ साली इथल्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळून गेली होती, ते त्यांच्या लक्षात होतं. मी नाही म्हटलं. आमच्या पेठेत तालमीच्या मॅचसाठी माणसं रजा टाकतात, माझा भाऊ शाहू स्टेडियमवर खेळला, पण मी कधी चेंडूला पाय लावला नाही. कुणी अडवलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं.

तर ती रात्र. मालेला पुलानं जोडलेल्या हुळुमालेचं मैदान, दमट हवा, २-२ अशी बरोबरी. आमच्या डावीकडच्या मुलीनं, बंदरातल्या गोदामात नोकरी करायची ती, दोघींच्या मधून चेंडू काढला आणि गोलकीपरच्या पायांतून आत सारला. ३-२. दोनच मिनिटांनी एका उसळत्या चेंडूला ती आणि समोरची एकदमच उडाल्या. नारळ फरशीवर आपटावा तसा आवाज झाला. समोरची डोकं धरून बसली, आमची आडवीच झाली.

पिशवी घेऊन पोचले तोवर ती उठायच्या खटपटीत होती. "बराबरु, दत्ता, बराबरु." तिकडे त्याचा अर्थ 'ठीक आहे'. पण कानाच्या वर मरून रंगाच्या बुरुग्यावर, म्हणजे स्कार्फवर, काळपट डाग पसरत होता. तो काढल्याशिवाय जखम दिसणार नव्हती, आणि भोवती गच्च भरलेली गॅलरी.

मी काही बोलायच्या आत बेंचवरच्या मुली आल्या. टॉवेल, जॅकेटं, बिब, हाताला लागेल ते घेऊन आमच्याभोवती पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांच्यात समोरच्या टीमच्याही दोघी होत्या. आत मी बुरुगा सोडवला. पिन नाही, गाठ नाही, डोक्यावरून ओढून घालायचा लवचिक प्रकार. अशा कापडानं गळा आवळेल, इजा होईल, या कारणानं २०११मध्ये जॉर्डनच्या अम्मानला इराणच्या मुलींना ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला नव्हता. रीतसर परवानगी यायला २०१४ उजाडलं. माझ्या वहीत आमच्या टीमचे मुरगळलेले घोटे डझनभर आहेत. आवळलेला गळा एकही नाही.

जखम बोटाच्या पेराएवढी. डोक्याची कातडी थोडक्यातही भरपूर रक्त काढते. गॉझ दाबून धरला तोवर बाहेर वेगळाच प्रश्न उभा राहिला. रक्ताचा बुरुगा घालून खेळता येत नाही. कुणीतरी काळा आणला, पण एका टीमच्या सगळ्यांचा रंग एकच लागतो म्हणून रेफ्रीनं नाही म्हटलं. त्याचं बरोबरच होतं. तेव्हा राखीव गोलकीपर त्या कड्याच्या आत आली, स्वतःचा मरून बुरुगा काढून माझ्या हातात दिला आणि जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून नाडी हनुवटीखाली आवळून बसली. दीड मिनिटात सगळा बंदोबस्त. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

माझं मात्र तिला विचारणं चालू होतं. कुठल्या मैदानावर आहोत? सांगितलं. कितवा हाफ? दुसरा. शेवटचा गोल कोणी केला?

ती थांबली. मग कॅप्टनचं नाव घेतलं.

पाठमोऱ्या मुलींपैकी दोघी वळल्या. "तूच केलास," एकजण म्हणाली. तेवढं धिवेही मला कळत होतं. आपली चेष्टा चाललीय असं वाटून ती हसली.

मी कोचला सांगितलं, आज ही खेळणार नाही. सहा मिनिटं उरली होती. तो चिडला, आणि त्याचंही खरं होतं : बेंचवर त्या गोलकीपरखेरीज दोघीच, बाकीच्या ड्युटीवर. बायकांच्या फुटबॉलला इथे काय आडवं येतं, तर माझ्या पाहण्यात कापडाआधी शिफ्टचा तक्ता. पुढे ३० डिसेंबर २०२४ला बंगळुरूत भारतानं मालदीवला १४-० हरवलं, तीन दिवसांनी ११-१. आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. नोकरी सांभाळून ४० मीटरच्या जागेत तयार झालेले पाय शंभर मीटरच्या मैदानावर कसे पुरणार, हे तिथे कोण समजावणार? मी फक्त लिहिलं, "एक गोल त्यांनीही मारलाय." कुणी उत्तर दिलं नाही.

कोच आणखी काही बोलणार होता. कॅप्टननं त्याच्या दंडाला हात लावला आणि मला विचारलं, "परवाची मॅच?" मी मान हलवली. तीही नाही.

टॅक्सीत ती माझ्या शेजारी, उसना बुरुगा घालून. माले शहरातल्या इस्पितळात स्कॅन करायचा होता. पुलावर वारा सुटला होता. तिनं विचारलं, "स्कोअर काय झाला?" फोनवर निकाल आला होता. ३-३, मी सांगितलं, त्यातला तिसरा तुझा. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. "खरंच?"

पूल संपताना तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. इस्पितळाच्या दारात तिसऱ्यांदा. ती दर वेळी तितकीच खूश झाली.