मीटर म्हणालं, 'हाय'

आठ दिवसांपूर्वी हाच पोरगा माझ्यासमोर बसला होता. सतरा वर्षांचा, गंगावेशीत तालमीला जाणारा. "डॉक्टर, जोर मारताना हातच थरथरायला लागलेत," म्हणाला. अंग उतरलेलं दिसत होतं, पण मेहनतीचं पोर उतरायचंच, असं मीच ठरवलं आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. साखर बघावी असं मनातही आलं नाही. साखर म्हणजे पन्नाशीची ढेरी!

आज आईनं त्याला रिक्षातून आणलं. डोळे मिटलेले, श्वास मात्र नुकती कुस्ती सुटल्यासारखा खोल आणि भराभर. दोन उलट्या, पोटात दुखणं. आईच्या मते कालचा तांबडा रस्सा बाधला होता. वाकून तपासायला गेलो, तर तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास.

"रात्री लघवीला उठतो का?"

"पाच-सहा वेळा की ओ. उशाला कळशी घेऊन झोपतोय."

हा प्रश्न आठ दिवस आधी विचारायचा होता.

बोटाला सुई टोचली. मीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' उमटलं.

"काय म्हणतंय ओ?"

"हाय."

"अवो, पण काय हाय?"

एरवी हसलो असतो. माझं मीटर 600 च्या पुढे मोजत नाही, तेव्हा असं लिहितं. अशी लक्षणं असताना कधीही तपासलेली साखर 200 झाली तरी मधुमेह म्हणायला पुरते. लघवीच्या पट्टीवर कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळतं तेव्हा साठणारं आम्ल, गडद जांभळं. सलाईन लावलं आणि मोठ्या दवाखान्यात मीच सोबत गेलो.

पाचव्या दिवशी पोरगं उठून बसलं. आजी म्हणाली, "माझ्या शुगरच्या गोळ्या हाईत की, त्याच देतो." समजावलं, "आजी, तुमच्या अंगात इन्सुलिन आहे, पण शरीर त्याला जुमानत नाही. याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी याच्याच प्रतिकारशक्तीनं मारल्यात. हा टाइप वन. याला इंजेक्शनच."

"गूळ लई खातोय, म्हणून झालं?" वडील.

"नाही. गुळानं हे होत नाही."

पोराला वेगळीच काळजी. "तालीम सुटली म्हणायची?"

"नाही. आधी सावर, मग साखर तपासून जा. आणि इंजेक्शननं साखर फार उतरून अंगाला कापरं सुटलं, दरदरून घाम आला, तर लगेच तोंडात टाकायला साखरेची पुडी जवळ ठेव."

वडील माझ्याकडे बघतच राहिले. "साखरेच्या पेशंटला साखर?"