मार खाऊनही त्या तक्रार का करत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्यातल्या बुधवार पेठेत देहविक्री करणाऱ्या बायकांसोबत मी काम करते हे कळलं की प्रश्न ठरलेला: ‘एवढी मारहाण होते, तर त्या पोलिसांत का जात नाहीत?’ विचारणाऱ्याला काळजी असते, मान्य. पण दोष शेवटी बाईच्याच पदरात पडतो, ते मला सहन होत नाही.

एका रात्री गिऱ्हाइकाने एकीच्या दंडावर ब्लेड ओढलं. पैसे परत मागत होता, ती देईना. ती नको नको म्हणत असताना ओढणी घट्ट बांधून मी तिला चौकीवर नेलं. तिथे कुणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, हेही सांगायला हवं. पण त्या माणसाबद्दल एक प्रश्न झाला, बाकीचे सगळे तिच्याबद्दल. कुठली बिल्डिंग? खोली चालवणारी घरवाली कोण? आणखी किती जणी असता? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘साहेब, जिन्यावरून पडले.’ दवाखान्यातही तेच. टाके पडत होते आणि मी चिडून विचारत होते, खोटं का बोललीस? ‘ताई, खरं बोलले असते तर उद्या खोलीला कुलूप. बाकीच्यांनी कुठं जायचं?’

तिची भीती कायद्यातूनच आलेली आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, ज्याला सगळे पीटा म्हणतात, बाईने स्वतःहून धंदा करणं हा गुन्हा नाही. पण दोघींनी मिळून एका खोलीत केला की तो कुंटणखाना ठरू शकतो. तिच्या कमाईवर जगणारा अठरा पूर्ण झालेला मुलगाही अडकू शकतो.

१९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: पोलिसांनी या बायकांना सन्मानाने वागवावं, लैंगिक अत्याचार झाला तर तातडीने उपचार मिळावेत. ते प्रकरणही १९९९ मध्ये कोलकात्यात झालेल्या एका सेक्स वर्करच्या खुनातून सुरू झालेलं. आदेश वाचून मला वाटलं होतं, आता चौकीत ताठ मानेने बसता येईल. कधी कधी अजूनही वाटतं. पण कुलपाची भीती त्या कागदाने जात नाही.

अल्पवयीन मुलगी दिसली तर पोलिसांना फोन मीच करते, तेव्हा मला पोलीसविरोधी म्हणू नका.

तो माणूस पुढे शेजारच्या गल्लीत दिसला. ती म्हणते, गप्प राहिले म्हणून खोली वाचली. मी म्हणते, तो मोकाट सुटला. आमचं यावरून अजून भांडण होतं.