भुरीसोबत पूर्णाकाठानं

रामनवमीचा उत्सव आटोपून बाहेरगावच्या दिंड्या शेगावातून आपापल्या वाटेला लागल्या, आणि आमची दिंडी निघाली. गर्दी ओसरली होती, त्यामुळे समाधीचं दर्शन शांतपणे झालं. 'गण गण गणात बोते' म्हणत गावाबाहेर पडलो. पुढे विणेकरी बाबा, मग पताका, टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया आणि त्यांच्या मागं आमची ढोरं. चांद्या-लाल्याच्या जोडीला पाण्याच्या टाकीची बंडी. वीटभट्टीवरून मागून आणलेल्या दोन गाढवांच्या पाठीवर आमच्या वळकट्या. एका धनगर काकांच्या चार शेळ्या. आणि माझी भुरी.

भुरी पूर्णाथडी जातीची म्हैस आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली ही जात मुळातच फिकट रंगाची, राखेवर थोडा बदामी हात फिरवल्यासारखी. मुऱ्ह्याएवढं दूध ती देत नाही, पण दूध दाट, आणि वाळल्या कुटारावरही तग धरते. ती रेडकू असताना आम्ही वावरात शेततळं खोदलं. तेव्हापासून ती पावसाचंच पाणी पीत आली. म्हणून तर तिला सोबत घेतलं.

खारपाणपट्ट्यात जन्मलेल्या माणसाला पाण्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. बुलडाणा, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना शेकडो गावं अशी आहेत, की विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच लागतं. तेच पाणी वावराला दिलं तर काळी जमीन वरून घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. दोन-चार वर्षांत ढेकळं फुटता फुटत नाहीत. माझे थोरले दीर किडनीच्या दुखण्यानं गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, पाणी कुठलं पिता? तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही. आमच्याकडे गोड पाणी फक्त वरून पडतं. जे पडतं ते धरून ठेवायचं, एवढंच सांगत आम्हाला अमरावतीला गाडगेबाबांच्या समाधीपर्यंत जायचं होतं. वाटेत झोळीत पडेल ते धान्य आणि पैसा आमच्या गावच्या शाळेच्या छपराचं पाणी साठवायच्या टाकीसाठी.

ढोरं कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. गावात शिरलं की हरिपाठाच्या आधी आम्ही पारावर दोन घमेली ठेवायचो. एकात त्या गावच्या हापशीचं पाणी, दुसऱ्यात बंडीच्या टाकीतलं, आमच्या शेततळ्याचं गाळलेलं. भुरीला सोडायचं. ती पहिल्या घमेल्यात नाक घालायची, वरचा ओठ उचलायची, फुरफुरायची आणि दुसऱ्याकडे वळायची. पोरं टाळ्या पिटायची. आमच्यातला एक कॉलेजचा मुलगा मग मीटर बुडवून आकडा वाचायचा. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं पिण्याच्या पाण्याचं प्रमाण सांगतं. तो ते नीट समजावायचा. पण बाया ऐकायच्या भुरीचं. पोथी ऐकावी तशा पुढे सरकून बसायच्या.

खिरोड्याच्या पुलावरून पूर्णा पाहिली. पात्रात डबकी होती. गांधीग्रामला हात जोडले. श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराच्या कावडी इथूनच पाणी भरून नेतात. पुढचे मुक्काम आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या गावात कढी-खिचडी होती आणि कुठे रोडगे, ते सांगता येणार नाही. पहाटे काकडा, दहाच्या आत पुढचं गाव, चार वाजेपर्यंत ढोरं सावलीत, मग पुन्हा चाल. हा नियम मी निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घेतला होता. म्हशीला घाम फारसा येत नाही. ऊन तिच्या अंगात साचत जातं. माणूस टोपी घालतो, पाणी मागतो. तिनं काय करावं?

एका गावातलं मात्र लख्ख आठवतं. भुरीनं नेहमीसारखं हापशीचं घमेलं सोडलं. तेवढ्यात चरून आलेली गावची खिल्लारं पारापाशी आली आणि त्यातल्या एका गाईनं भुरीनं टाकलेलं घमेलं चाटून-पुसून रिकामं केलं. मागून दुसरी आली. पोरं हसली. कोपऱ्यावर बसलेले एक म्हातारे उठले आणि माझ्यावर कडाडले, "तुमची म्हैस राजाची, आमची ढोरं भिकाऱ्याची, हेच दाखवाले आल्या का बाई? आमच्या ढोरायनं काय पेवावं मंग?" मला उत्तर सुचलं नाही. बाबा म्हणाले, चला, हरिपाठ सुरू करा. मला त्यांचाही राग आला. एवढा खरा प्रश्न समोर आल्यावर टाळ वाजवून पुढे जायचं? त्या रात्री मी भजनाला बसले नाही. बंडीच्या चाकाला टेकून राहिले. टाकीच्या तोटीखाली कुणीतरी तोंड धुऊन गेलं होतं, खाली सगळा चिखल. त्याच्यावरही मी ओरडले. बायांनी दूध आणून दिलं, तेही घेतलं नाही. पहाटे काकड्याला मात्र उठले, आणि विठ्ठलाच्या नावानं डोळे भरून आले ते थांबेनात.

त्यानंतर एक-दोन मुक्कामांनी ती दुपार आली.

ज्यांनी पाण्याची आणि सावलीची सोय कबूल केली होती त्यांचा फोनच लागेना. गावात टँकर येऊन गेला होता, पुढचा कधी येणार ते कुणाला ठाऊक नव्हतं. लोक बिचारे काय देणार? अकरा वाजले होते. पुढचं गाव सात-आठ किलोमीटर. माझं म्हणणं होतं की इथंच थांबू, असेल त्यात भागवू. बाकीचे म्हणाले, ढोरं तहानेनं इथंच बसतील. निघालो. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. दोन्हीकडे हरभरा निघालेली वावरं, भेगा पडलेली, आणि दूर दूर एखादी बाभूळ. माझ्या डाव्या टाचेखाली सकाळपासून हुळहुळत होतं, ते आता टचटचीत फोड झालं. चवड्यावर दुसरा. मी बारदाना ओला करून भुरीच्या पाठीवर टाकत होते आणि तो दहा पावलांत वाळत होता. टाकीत पाणी तळाला गेलं होतं. कामाचा बैल उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर पाणी पितो. बैलांना, गाढवांना, शेळ्यांना आणि आम्हाला वाटून घमेलंभर उरत होतं. टाळ बंद पडले होते. कुणीतरी मागून 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत होतं. मला ते ऐकवत नव्हतं. भुरीच्या तोंडातून फेस लोंबायला लागला आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

दिंडी पुढे गेली. बंडीवाला दादा तेवढा माझ्यासाठी मागं राहिला. डाव्या हाताला धुऱ्यापलीकडे एक टिनाचं घर दिसत होतं, दारात कडुनिंब. भुरीला ओढत, एका पायावर रेटत तिथवर गेले.

दारात एक म्हातारी तुरीचे खुंट फोडत बसली होती.

"माय, ढोराले पानी भेटन का?"

"हापशी हाये ना बाई. पन खारट हाये. तुयी म्हैस पेईन का?"

दादानं बकेट भरून ठेवली. भुरीनं नाक लावलं आणि मान फिरवली. इतकी तहानेली असून फिरवली. म्हातारीनं ते पाहिलं, कुऱ्हाड खाली ठेवली आणि मागच्या अंगाला गेली. तिथं भिंतीला लागून सिमेंटचं टाकं होतं, वर टिनाचा पत्रा, पत्र्यावर दगड. पत्रा सारला तेव्हा आत मांडीएवढं पाणी, स्वच्छ. छपराचं पाणी लुगड्याच्या धडक्यातून गाळून तिनं भादव्यापासून जपलं होतं. दोरी बांधलेल्या तांब्यानं ती बकेट भरायला लागली.

"एवढं पाणी कशासाठी ठेवता, माय?"

"डाळीसाठी. या पान्यात डाळ शिजते का? घंटाभर चुलीवर ठेवली तं बी दाना दाना वेगळा. प्यावाले बी हेच."

मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू द्या, तुमचं डाळीचं पाणी म्हशीला कशाला?

"डाळीचं काय एवढं? चार दिस पिठलं करीन."

भुरीनं पहिली बकेट संपवली. दुसरी संपवली. तिसरीत तोंड घालून नुसती उभी राहिली, कानांवरून पाणी ओघळेपर्यंत. म्हातारीनं तांब्यात उरलेलं पाणी तिच्या कपाळावर ओतलं आणि शिंगांच्या मधोमध हात फिरवत म्हणाली, "आता कशी!"

मग तिचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. कडुनिंबाखाली पोतं टाकून मला बसवलं. पोलक्याला टोचलेली सुई काढली, दिव्याच्या वातीवर धरली, दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे हळूहळू पाझरायला लागलं. वर तेल-हळद. हे तिनं माझ्याकडे न पाहता केलं, फोडावर बारीक फुंकर घालत. तिचे स्वतःचे पाय टाचांपासून भेगाळलेले होते. "दिवेलागणीवरी पाय खाली टेकू नको," म्हणाली.

मी सांगायला लागले, आम्ही का चाललोय, छपराचं पाणी कसं धरायचं. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे तं मायी सासू करे. रांजन मांडे पागोळीखाली. आता लोकं काऊन नाई करत?"

तिला नाव विचारलं तर म्हणाली, पायी चालणाऱ्यानं नाव नसते इचारायचं. पैसे काढले तर तिनं तोंड फिरवलं. मात्र निघताना एक काम सांगितलं. टाक्याकडे पाणी आणणारी पन्हाळ सांध्यात सुटली होती, तिचा हात पोचत नव्हता. बंडीवाला दादा टाकीवर उभा राहिला, तारेनं सांधा आवळला, खाली दगडाचा टेकू दिला. म्हातारीनं वर पाहून मान हलवली. तिथून निघताना मला आधी पंढरी आठवली नाही, त्या पारावरचे म्हातारे आठवले. त्यांना सांगायला आता माझ्याजवळ काहीतरी होतं.

संध्याकाळी दिंडी गाठली. दोरा फोडात होता, पण चालता येत होतं. बाबांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि भुरीच्या अंगावर स्वतः पाणी मारलं. कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

दापुरा, लाखपुरी, दर्यापूर. दापुऱ्यात गाडगेबाबांनी लहानपणी मामाकडे राहून गुरं राखली. तिथं ढोरांना ओवाळलं, गूळ चारला. ऋणमोचनला पूर्णेच्या घाटावर टेकलो. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांचा देह शांत झाला, २० डिसेंबर १९५६ला. त्यांच्या दशसूत्रीत 'तहानलेल्यांना पाणी' दुसऱ्या क्रमांकावर येतं आणि 'पशू-पक्षी, मुक्या प्राण्यांना अभय' आठव्या. पेढीच्या पुलावर मला ही दोन्ही वाक्यं एकच वाटली. अमरावतीत शहराचा आवाज ऐकून गाढवं बुजली, शेळ्या फुटपाथवरच्या भाजीत शिरल्या, मोठी धांदल झाली. समाधीसमोर 'गोपाला गोपाला' म्हणताना माझा आवाज निघत नव्हता.

झोळीतले पैसे तिथंच मोजले. टाकीपुरते जमले. धान्य विकून पन्हाळ्यांचं भागेल. पण गावी आल्यावर बैठकीत वाद झाला. काहींचं म्हणणं, टाकी शाळेची, पाणी फक्त लेकरांचं. लेकरांचं पाणी आधी, हे मलाही मान्य आहे. मी एवढंच धरून बसले की टाकी भरून वाहायला लागली की ते पाणी नालीत जाता कामा नये. शाळेच्या कुंपणाबाहेर ढोरांसाठी हौद बांधा आणि वाहतं पाणी त्यात सोडा. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी शेततळं खोदावं. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात कडांचा उतार धरूनही २० लाख लिटरच्या वर पाणी मावतं. आमच्या काळ्या मातीत ते चटकन मुरतही नाही. दोन तास बोलणं झालं, आवाज चढले, शेवटी हौद मंजूर झाला. वाळू टाकायची जबाबदारी बंडीवाल्या दादानं घेतली आहे, विटा गाढवंवाल्यांकडून येतील. पन्हाळ्या मृगाच्या आत बसल्या पाहिजेत, आणि पहिल्या पावसाचं छप्पर धुतलेलं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी लागेल, ती आणायला उद्या दर्यापूरला जाते आहे.